भिंगाची परीक्षा

कॅमेऱ्याचें एखादें भिंग चांगलें कीं वाईट, हें कसें ठरवावें, या प्रश्नाला वाङ्मयचर्चेच्या मासिकांत जागा कां द्यावी, असें आमच्या कांहीं वाचकांस वाटेल. काव्यनाटकांचे गुणदोष सांगणाऱ्यानें कांचेच्या तुकड्यांकडे कां वळावें? पण गुणदोष ठरविण्याची संवय सर्वत्र एकच असते. ती पुस्तकांच्या बाबतींत बिघडली तर फारसें कोणाचें अडत नाहीं. कांचेच्या बाबतींत बिघडली, तर तिचा दंड रोख भरावा लागतो. आम्हीं तो नुकताच भरला आहे, आणि त्यांतून जें शिकलों तें वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

हकीकत थोडक्यांत अशी. आमच्या वडिलांच्या हातची एक वही आमच्या घरीं होती. ते शाळामास्तर होते, आणि ऐकलेल्या कीर्तनांचीं टांचणें बारीक अक्षरांत लिहून ठेवीत. पानें ९४, कागद इतका जीर्ण कीं, पान उलटतांना त्याचा तुकडा हातांत यावा. तीन वर्षांपूर्वीं या वहीचीं छायाचित्रें घेऊन ठेवावीं, असें घरांतील मंडळींच्या मनांत आलें. कॅमेरा पुतण्याचा होता. भिंग मात्र आम्हीं निवडलें. निवडलें म्हणजे काय, तर उत्पादकाच्या पत्रकांतील आंकडे पाहिले, परीक्षकांनीं दिलेले गुण पाहिले, आणि आमच्या ऐपतींत बसणाऱ्यांपैकीं ज्याला सर्वांत अधिक गुण होते तें आणलें. तीस वर्षें उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाला गुणांच्या आंकड्यांत किती अर्थ असतो हें ठाऊक असावयास हवें होतें. पण तें त्या वेळीं आठवलें नाहीं. छायाचित्रें घेतलीं, दोन-चार पानांचा मधला मजकूर पडद्यावर मोठा करून पाहिला, अक्षर अन् अक्षर लख्ख दिसलें, आणि आम्ही समाधान पावलों. पुढच्याच पावसाळ्यांत माळ्यावर गळती लागली, वही ठेवलेली पेटी भिजली, आणि वहीचा लगदा झाला. मग छायाचित्रें नीट उघडून पाहिलीं. प्रत्येक छायाचित्रांत उजवीकडचा खालचा कोपरा धुरकट होता. प्रत्येक पानाच्या शेवटच्या चार-पांच ओळींचीं टोंकें आज वाचतां येत नाहींत.

दोष त्या भिंगाचा होता हें खरें. पण तो एका तासांत ओळखतां आला असता, आणि तो न ओळखणें हा दोष आमचा. तेव्हां तो ओळखावा कसा, याचा विचार करूं.

भिंगानें करावयाचें काम सांगण्यास सोपें आहे. वस्तूच्या एका बिंदूपासून निघालेले किरण पुन्हां एका बिंदूंत आणावे, सपाट वस्तूची प्रतिमा सपाट पाडावी, सरळ रेषा सरळ ठेवावी, आणि प्रकाशांतील रंग एकमेकांपासून फुटूं देऊं नयेत. हें काम संपूर्णपणें करणारें भिंग आजवर कोणीं घडविलेलें नाहीं. लुडविग फॉन झायडेल या जर्मन गणितज्ञानें १८५७ च्या सुमारास अशा चुकांची पद्धतशीर वर्गवारी केली. एकाच रंगाच्या प्रकाशांतहि पांच चुका होतात: भिंगाच्या कडेचे व मधले किरण वेगवेगळ्या ठिकाणीं मिळतात, चित्राच्या कडेजवळचा बिंदु धूमकेतूसारखी शेपटी घेऊन उमटतो, मध्याकडे जाणाऱ्या रेषा व त्यांना आडव्या असलेल्या रेषा एकाच वेळीं स्पष्ट होत नाहींत, सपाट पानाची प्रतिमा वाटीसारखी वक्र होते, आणि सरळ रेषा वांकते. रंग फुटण्याची चूक यांवेगळी. यांपैकीं एक आवरूं जावें, तों दुसरी डोकें वर काढते. कांचांची संख्या वाढवावी, तर वजन, किंमत व आंतल्या आंत परतणारा प्रकाश वाढतो. तेव्हां प्रत्येक भिंग ही दोषांची एक वांटणी असते. कोणता दोष पत्करावा व कोणता कोठें ढकलावा, हें आखणाऱ्यानें आधीं ठरविलेलें असतें.

येथेंच एक भेद लक्षांत घेतला पाहिजे, आणि आम्हांला मुख्यतः तोच सांगावयाचा आहे. आखणींतला दोष निराळा आणि घडणींतला दोष निराळा. आखणींतला दोष जाणून पत्करलेला असतो. त्याच्या मोबदल्यांत आखणाऱ्यानें कांहींतरी मिळविलेलें असतें, आणि त्या आखणीच्या प्रत्येक नगांत तो आढळतो. घडणींतला दोष कोणींच पत्करलेला नसतो. एखादी कांच बसवितांना केंसभर बाजूला सरकली वा कलली, म्हणजे तो त्या एका नगांत शिरतो, आणि त्याच्या बदल्यांत कोणाला कांहीं मिळत नाहीं. ओवीनें गणांचें बंधन टाकलें, तें तिच्या मोकळेपणाचें मोल आहे. शार्दूलविक्रीडितांत एक अक्षर चुकून कमी पडलें, तर तो निवळ वृत्तभंग. नियम दोन्ही ठिकाणीं पाळलेला नाहीं. पण दोहोंना एकच माप लावणाऱ्यास परीक्षक कोण म्हणेल?

आखणींतल्या दोषाचें उत्तम उदाहरण म्हणजे पेट्झवलचें भिंग. १८३९ त दागेरची छायाचित्रणाची रीत पॅरिसमध्यें जाहीर झाली, तेव्हांचीं भिंगें इतका थोडा प्रकाश आंत घेत कीं, चित्र काढून घेणाऱ्यास उन्हांत कित्येक मिनिटें निश्चल बसावें लागे. व्हिएन्ना येथील गणिताचा प्राध्यापक योझेफ पेट्झवल यानें १८४० त एक नवें भिंग गणितानें आखलें. आंकडेमोडीसाठीं त्याला तोफखान्यांतील शिपायांचें साह्य मिळालें होतें, असें सांगतात. या भिंगाचा छिद्रांक सुमारें ३.६ होता. छिद्रांक म्हणजे भिंगाच्या केंद्रांतराला छिद्राच्या व्यासानें भागून येणारी संख्या. ती जितकी लहान, तितका प्रकाश अधिक. पूर्वीच्या भिंगांपेक्षां पेट्झवलचें भिंग सुमारें पंधरा-वीस पट प्रकाश घेई, आणि त्यामुळें माणसाच्या चेहऱ्याचें चित्र काढणें हा धंदा होऊं शकला. या लाभाचें मोल पेट्झवलनें कोठें भरलें? चित्राच्या कडांना. मध्यभागीं चेहरा रेखीव, आणि कडेला सारें वक्र, पुसट, भोंवऱ्यासारखें फिरलेलें. भिंतीवर वर्तमानपत्राचें पान लावून या भिंगाची परीक्षा घेतली, तर तें साफ नापास होईल. पण समोर बसलेला माणूस म्हणजे वर्तमानपत्राचें पान नव्हे, आणि त्याच्या मागच्या पडद्याची वीण मोजावयास कोणी बसलेलें नसतें.

ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन ही बाई १८१५ त कलकत्त्यास जन्मली. १८६३ त, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, इंग्लंडांत तिला मुलीनें व जांवयानें एक कॅमेरा भेट दिला. त्याचें फ्रेंच भिंग पेट्झवलच्याच पद्धतीचें होतें. दुसऱ्याच वर्षीं तिनें एलन टेरी या तरुण नटीचें चित्र घेतलें. तें आज पाहणाऱ्याच्या लक्षांत राहतें, तें त्यांतील मिटल्या डोळ्यांमुळें व भिंतीला टेकलेल्या मस्तकामुळें; कडेच्या धूसरपणानें त्यांतलें कांहीं हरवलें असें वाटत नाहीं. तत्कालीन छायाचित्रकारांनीं मात्र तिच्या चित्रांना अस्पष्ट म्हणून नांवें ठेविलीं. ते अगदींच चुकले असें म्हणवत नाहीं, कारण तिच्या कित्येक चित्रांतील धूसरपणा भिंगाचा नसून, बसणारी व्यक्ति हालल्याचा आहे. परीक्षकानें या गोष्टी एकमेकींपासून सोडविल्या पाहिजेत. हात हालला, माणूस हालला, किंवा अंतर चुकीचें जुळविलें, तर त्याचें खापर भिंगावर फोडूं नये. आणि भिंग वाईट असेल, तर तें छायाचित्रकाराच्या प्रतिभेच्या खात्यांत जमा करूं नये.

ही दुसरी सूचना देण्याचें कारण आहे. हल्लीं जुन्या भिंगांच्या चाहत्यांचा एक पंथच निघाला आहे. २०१३ त पेट्झवलच्या भिंगाची नवी आवृत्तिहि निघाली. या पंथाची रुचि आम्हांस समजते. पण त्यांतील अतिउत्साही मंडळी कोणत्याहि अस्पष्टपणाला भिंगाचा 'स्वभाव' म्हणूं लागतात, तेव्हां आमच्या वहीचा उजवा कोपरा आम्हांस आठवतो. तो स्वभाव नव्हता. डावा कोपरा स्वच्छ होता, उजवा नव्हता; आणि एकाच बाजूला पक्षपात करणारी आखणी असल्या सरळ भिंगांत कोणी करीत नाहीं.

परीक्षकाला काळाचेंहि भान हवें. येना येथील त्साइसच्या कारखान्यांत पाउल रुडोल्फ यानें १८९६ त 'प्लानार' व १९०२ त 'टेसार' अशीं दोन भिंगें आखलीं. प्लानारमध्यें सहा कांचा चार गटांत मांडलेल्या होत्या, म्हणजे हवेला भिडणारे पृष्ठभाग आठ. टेसारमध्यें चार कांचा तीन गटांत, म्हणजे पृष्ठभाग सहा. साध्या कांचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारें चार टक्के प्रकाश परततो. हिशेब केला, तर १०० भागांपैकीं प्लानारमधून सुमारें ७२ भाग पार होतात, टेसारमधून ७८. नुसत्या या नुकसानीचें कांहीं वाटलें नसतें. पण परतलेला प्रकाश आंतल्या आंत भटकून चित्राच्या काळ्या भागांवर राखेसारखा पसरतो. किरण जुळविण्याच्या कामांत प्लानार सरस, पण बाजार मात्र टेसारनें जिंकला. पुढें काय झालें तें पाहा. इंग्लंडांतील भिंगकार डेनिस टेलर यास १८९६ च्या सुमारास असें दिसून आलें कीं, जुनाट होऊन पृष्ठावर डाग चढलेलें भिंग नव्या स्वच्छ भिंगापेक्षां अधिक प्रकाश पार जाऊं देतें. ज्याला सारे कलंक म्हणत, तोच गुण ठरला. १९३५ त त्साइसच्याच स्माकुला या शास्त्रज्ञानें निर्वात पात्रांत कांचेवर मुद्दाम पातळ लेप चढविण्याची रीत काढली. परतणारा प्रकाश पुष्कळ कमी झाला, आणि मागें पडलेल्या प्लानारच्या घराण्याला पुन्हां दिवस आले. आज मिळणारीं ५० मिलिमीटर केंद्रांतराचीं कित्येक भिंगें त्याच वंशांतलीं आहेत. १९०५ त टेसार घेणारा शहाणा होता, आणि १९५५ त प्लानार घेणाराहि शहाणाच होता. ज्यानें आपल्या काळाचा विचार न करतां दुसऱ्या काळाचा निकाल घोकला, तो मात्र फसला असता.

आतां आंकड्यांविषयीं. आंकडे खोटे असतात असें आमचें म्हणणें नाहीं. ते वाचावयास शिकलें पाहिजे, एवढेंच म्हणणें आहे. उत्पादकांच्या पत्रकांत जे आलेख येतात, ते बहुधा असें सांगतात: एका मिलिमीटरांत काळ्या-पांढऱ्या रेषांच्या दहा जोड्या आंखल्या, तर त्यांतील काळें-पांढरें किती टक्के टिकून राहतें, तीस जोड्या आंखल्या, तर किती, आणि मध्यापासून कडेकडे जातांना तें कसें उतरत जातें. दहा जोड्यांची रेषा चित्राचा ठसठशीतपणा सांगते, तीस जोड्यांची बारीक तपशील सांगते. ही माहिती मोलाची आहे. पण कांहीं उत्पादक हे आलेख निव्वळ गणितानें काढतात, कांहीं प्रत्यक्ष नग मोजून. आणि नग मोजला, तरी तो तुमच्या हातांतला नव्हे. आलेख आखणीचा न्याय करतो. तुमच्या नगाच्या घडणीविषयीं तो मुका असतो. सूर्य चित्राच्या कडेला आला तर काय होईल, मागची दिव्यांची रांग कशी विरघळेल, दाराची चौकट वांकेल कीं नाहीं, हें तो सांगत नाहीं. मग या सर्वांची बेरीज करून कोणी शंभरांपैकीं ८७ गुण दिले, तर त्या ८७ चा अर्थ काय? शुद्धलेखनाचे वीस, वृत्ताचे वीस व रसाचे साठ अशी वांटणी करून कवितेला गुण देणारा परीक्षक आम्हीं पाहिलेला आहे. त्याची बेरीज बरोबर असे.

छिद्र कोणतें ठेविलें होतें, हेंहि विचारलें पाहिजे. छिद्र लहान करीत गेलें, कीं बहुतेक दोष झांकले जातात. पण फार लहान केलें, म्हणजे प्रकाशाचा स्वतःचाच धर्म आड येतो आणि किरण छिद्राच्या कडेला पसरतात. छिद्रांक १६ असतां अगदीं निर्दोष भिंगांतूनहि बिंदूची चकती मिलिमीटराच्या सुमारें पन्नासाव्या भागाएवढी होते. म्हणून त्या छिद्राला महाग व स्वस्त भिंगें जवळजवळ सारखींच दिसतात. भिंगाची परीक्षा पुऱ्या उघडलेल्या छिद्राला करावी. तेथें त्याचें खरें रूप दिसतें. मग एकेक पायरी छिद्र लहान करून, कोणता दोष कोठें नाहींसा होतो तें पाहावें.

ही परीक्षा घरीं करतां येते, आणि तिला एक संध्याकाळ पुरते. वर्तमानपत्राचें पूर्ण पान सपाट भिंतीवर चिकटवून कॅमेरा तिवईवर ठेवावा. पानाच्या मध्यावर छोटा आरसा सपाट बसवून त्यांत भिंगाचें प्रतिबिंब चित्राच्या बरोबर मधोमध दिसेल अशा बेतानें कॅमेरा लावला, म्हणजे तो भिंतीशीं समांतर झाला. मग आरसा काढून, दर वेळीं अंतर नव्यानें जुळवून तीन-तीन चित्रें घ्यावीं आणि चारी कोपरे ताडून पाहावे. चारी कोपरे सारखेच मऊ असतील, तर ती आखणी आहे. तुमच्या कामाला ती चालते कीं नाहीं एवढेंच ठरवावयाचें. एकच कोपरा मऊ असेल, तर कॅमेरा उलटा धरून पुन्हां चित्र घ्यावें. दोष भिंगाबरोबर फिरून पानाच्या समोरच्या कोपऱ्यावर गेला, तर तो घडणीचा, आणि तो नग परत करावा. रात्रीं दूरचा एक रस्त्यावरचा दिवा चित्राच्या कोपऱ्यांत धरावा. त्याला शेपटी वा पंख फुटले, तर कडेच्या बिंदूंचें काय होतें तें उमगेल. पांढऱ्या आभाळासमोर काळी फांदी धरली, म्हणजे रंग फुटतो कीं नाहीं तें दिसतें. कोऱ्या भिंतीचें चित्र कोपरे किती काळवंडतात तें सांगतें. दाराची चौकट रेषांचा वांक दाखविते. शेवटीं घरांतील कोणाला तरी समोर बसवून मागें दूर पणत्यांची रांग लावावी. मागच्या ज्योती मऊ चकत्या होऊन विरतात, कीं कडक कांठाच्या वाटोळ्या होऊन चेहऱ्याशीं भांडतात, हें पाहावें. या विरण्याला जपानी लोक 'बोके' म्हणतात. त्याला अजून कोणी सर्वमान्य आंकडा दिलेला नाहीं, आणि म्हणूनच तें डोळ्यांनीं पाहावें लागतें.

अलीकडे यांत एक नवी अडचण आली आहे. हल्लींचे कॅमेरे व फोन भिंगाच्या कांहीं चुका चित्र तयार होतांनाच आंकडेमोडीनें दुरुस्त करतात: वांकलेली रेषा सरळ करतात, काळवंडलेला कोपरा उजळतात. आपण पाहतों ती मूळ संहिता नसून संपादित आवृत्ति असते. यांत गैर कांहीं नाहीं. संपादनानें पुष्कळ ग्रंथ वाचनीय झाले आहेत. मात्र रेषा सरळ करतांना कोपरे ताणले जातात व त्यांतील बारकावा कमी होतो. अंधारा कोपरा उजळतांना त्यांतील खरखरहि उजळते. जो दोष माहिती गमावून बसला, तो संपादनानें भरून येत नाहीं. आमच्या वहीच्या कोपऱ्यावर पुतण्यानें नव्या यंत्रबुद्धीचा प्रयोग करून पाहिला. त्यानें सुरेख, रेखीव अक्षरें काढून दिलीं. तीं वडिलांचीं नव्हतीं, आणि त्या जागीं बसणारेहि नव्हते ते शब्द.

तेव्हां भिंग घेणाऱ्यानें तीन गोष्टी विचाराव्या. आपल्याला कशाचें चित्र घ्यावयाचें आहे? या आखणीनें कोणता दोष पत्करून कोणता लाभ मिळविला आहे, आणि तो सौदा आपल्या कामाला मानवतो काय? आणि हातांत आलेला हाच नग त्या आखणीशीं प्रामाणिक आहे काय? पहिल्या दोन प्रश्नांना पत्रकें व परीक्षणें साह्य करतील. तिसऱ्याला फक्त भिंत, कागद आणि आपले डोळे.

वडिलांच्या वहीची नक्कल आम्हीं यंदाच्या सुटींत सुरू केली आहे. मधला मजकूर झरझर उतरतो. पान संपत आलें, कीं हात मंदावतो. जेथें अभंगाचा चरण ओळखीचा आहे तेथें तो पुरा करतों. जेथें टांचण वडिलांच्या स्वतःच्या शब्दांत आहे, तेथें अंदाज चौकटी कंसांत लिहितों. आणि जेथें अंदाजहि चालत नाहीं, तेथें टिंबें देऊन पुढच्या पानाकडे वळतों. आजपर्यंत ६१ पानें झालीं आहेत.